१६ लाखांची ऑफर, दोन परराज्यं आणि आठवीतली मुलगी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात १४ वर्षं क्वालिटी विभागात आहात, सीटीसी (म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) साडेदहा लाख, हातात महिन्याला ७३ हजार येतात. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याहून १६ लाखांची ऑफर आली आहे आणि अहमदाबादजवळच्या साणंदहून साडेतेरा लाखांची. तुमच्या मिसेस खासगी शाळेत शिकवतात, संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात, दोन्ही मिळून १८ हजार. मुलगी आठवीत, डॉक्टर व्हायचं म्हणते. पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट आहे, त्याचा २१ हजारांचा हप्ता चालू आहे. आई-वडील निफाडला. एवढं सगळं सांगून तुम्ही विचारलंत इतकंच, की कर्नाटक आणि गुजरात यांत कर कुठे कमी लागतो आणि राहणं कुठे परवडेल.

मी नाशकात करसल्लागार आहे. अंबड-सातपूरच्या पगारदारांची विवरणपत्रं भरण्यातच माझी बरीच वर्षं गेली आणि दर मार्च-एप्रिलला असा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी समोर बसतंच. तुमच्या प्रश्नातला कराचा भाग सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी हातावेगळा करतो. खरी मेख तुम्ही जे जाता जाता लिहिलंत त्यात आहे: मुलगी आठवीत.

पगारावरचा आयकर केंद्राचा. तुम्ही नाशकात असा, साणंदला असा की बोम्मसंद्र्याला, टप्पे तेच, सवलती त्याच. अमेरिकेत टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या राज्यांत राज्याचा स्वतंत्र आयकर नाही, म्हणून तिथली माणसं 'कमी कराचं राज्य' शोधत फिरतात. तसले व्हिडिओ बघून आपल्याकडेही काही जण विचारायला येतात. आपल्या पगारातून राज्य थेट घेतं तो फक्त व्यवसाय कर, आणि त्याला राज्यघटनेच्या २७६व्या कलमानेच वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र महिना २०० घेतो, फेब्रुवारीत ३००. कर्नाटकातही तुमच्या पगाराला तेवढाच. गुजरात महिना २००. म्हणजे गुजरातला गेलात तर वर्षाला १०० रुपये वाचतील. एका मिसळीची सोय झाली म्हणा.

अप्रत्यक्ष करांत राज्याराज्यांत फरक आहे, नाही असं नाही. जीएसटी सगळीकडे सारखा, पण पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर. त्यावरचा व्हॅट राज्य ठरवतं. म्हणून तर सापुताऱ्याकडे गेलेला नाशिककर येताना गुजरातच्या पंपावर टाकी फुल्ल करून येतो. पण हिशेब करा: महिन्याला ४० लिटर लागत असेल आणि लिटरमागे १० रुपयांचा फरक धरला, तरी ४०० रुपये. कर्नाटकात गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतचं घरगुती वीजबिल माफ होतं, भाडेकरूंनाही त्यात नाव नोंदवता येतं. चांगली गोष्ट आहे, पण सरकारी योजनेच्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नये. योजना कधी बदलेल ते आपल्या हातात नसतं.

कराचा एक मुद्दा मात्र तुमच्या बाबतीत मजेशीर आहे, आणि तो राज्याचा नाही, आकड्याचा आहे. सीटीसी म्हणजे पगार नव्हे हे तुम्हाला माहीत आहेच, तरी दोन्ही ऑफर सोलून बघू. पत्रं तुम्ही दिलेली नाहीत, त्यामुळे मी सर्वसाधारण रचना धरतो: मूळ पगार सीटीसीच्या ४० टक्के, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, गटविमा आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग. पत्रात मूळ पगार निम्मा असेल तर पीएफ वाढेल आणि हातात आणखी कमी येईल.

बेंगळुरूच्या १६ लाखांत व्हेरिएबल १ लाख ६० हजार धरा. कंपनीचा पीएफ सुमारे ७७ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद ३१ हजाराच्या आसपास, विमा वगैरे १२ हजार. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ठोक पगार उरतो १ लाख १० हजार. त्यातून तुमचा पीएफ ६,४००, व्यवसाय कर २०० आणि आयकर. २०२५च्या अर्थसंकल्पातले नव्या करप्रणालीचे टप्पे लावून, ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढून, व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं धरलं तर वर्षाचा कर उपकरासह सुमारे ९४ हजार येतो, म्हणजे महिना ७,९०० च्या आत. हातात ९५,५००.

आता साणंद. साडेतेरा लाखांत व्हेरिएबल १ लाख, पीएफ ६५ हजार, ग्रॅच्युइटी २६ हजार, विमा ९ हजार. ठोक पगार वर्षाला साडेअकरा लाख. त्यात व्हेरिएबल मिळवून प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न ११ लाख ७५ हजार. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करावर पूर्ण सूट (रिबेट) मिळून तो शून्य होतो. म्हणजे हातात ९०,२००.

सीटीसीत अडीच लाखांचं अंतर, आणि हातातल्या पगारात महिना ५,३०० चं. उद्या तुमचा कोणी मित्र साणंदला गेला आणि म्हणाला की 'गुजरातमध्ये मला टॅक्सच लागत नाही', तर तो खोटं बोलत नसेल, पण त्यात गुजरातचा काही वाटा नाही. तोच पगार अंबडला मिळाला असता तरी कर शून्यच होता. फक्त बँकेतल्या एफडीचं व्याज वगैरे २५ हजारांच्या वर असेल तर १२ लाखांची रेघ ओलांडली जाईल. थोडीशी ओलांडली तर जेवढी रक्कम वर गेली तेवढाच जास्तीत जास्त कर, शिवाय त्यावर उपकर. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. जुन्या प्रणालीत घरभाडे सवलत आणि गृहकर्जाचं व्याज धरून बेंगळुरूचा हिशेबही करून पाहिला. फार तर उन्नीस-बीस. त्यावर निर्णय अडणार नाही.

कराचं इथे संपलं. आता राहण्याचं.

शहरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर 'बेंगळुरू नाशिकपेक्षा इतके टक्के महाग' असं वाचायला मिळतं. त्याकडे मी बघत नाही. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांकही या कामाचा नाही, कारण एखाद्या ठिकाणी भाव किती वाढले ते तो सांगतो, एक गाव दुसऱ्यापेक्षा किती महाग ते सांगत नाही. तुमच्या घराला काय लागतं तेच धरायचं. किराणा, दूध, गॅस, मोबाइल यांत फार फरक पडत नाही. भाजी आणि द्राक्षं तर निफाडहून येतात तुमच्याकडे, ती आता विकत घ्यावी लागतील, एवढं सोडा. खरा फरक घरभाड्यात, शाळेत आणि येण्याजाण्यात.

बोम्मसंद्र्याला आता मेट्रोची यलो लाइन आली आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या आसपास दोन बेडरूमचं बरं घर मी ३० हजार धरतो. साणंदला नोकरी असली तरी मंडळी राहतात बहुतेक अहमदाबादच्या बोपल भागात, तिथे १९ हजार धरू. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही प्रत्यक्ष दोन-चार एजंटांना फोन करून ताडून घ्या. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट १४ हजारांना जाईल. म्हणजे भाड्याचा निव्वळ बोजा बेंगळुरूला १६ हजार आणि अहमदाबादला ५ हजार. हप्ता दोन्हीकडे तसाच चालू.

भाड्याच्या उत्पन्नावर कर लागेल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. महापालिकेचा कर आणि ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर जे उरतं त्यातून गृहकर्जाचं व्याज वजा होतं. तुमच्या हप्त्यात व्याजाचा भाग अजून मोठा असेल तर भाडं करापुरतं शून्यावर येईल. व्याज त्याहून जास्त असेल तरी नव्या प्रणालीत तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सेक्रेटरींनी काहीही आकडा सांगितला तरी. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारकच आहे आणि तुम्ही हजार किलोमीटरवर असताना तोंडी व्यवहार महागात पडतो.

आता मिसेसचे १८ हजार. ऑफर मोजताना बहुतेक पुरुष हा आकडा शून्य धरतात, म्हणजे तो मुळात नव्हताच असं. शाळेची नोकरी बी.एड.च्या जोरावर दुसरीकडे मिळेल कदाचित, पण जूनच्या आधी जागा निघतात, मधल्या वर्षात नाही. शिकवण्यांचं तर विचारूच नका. गल्लीत नाव व्हायला सहा-सात वर्षं गेलेली असतात, 'जोशी मॅडमकडे घाला' असं चार आयांनी एकमेकींना सांगावं लागतं. ते नाव ट्रकमध्ये चढत नाही. पहिलं वर्ष तरी १८ हजार गेले असं धरा.

बेरीज करू. बेंगळुरूला हातात साडेबावीस हजार जास्त, त्यातून मिसेसचे १८ आणि भाड्याचे १६ गेले, म्हणजे महिना साडेअकरा हजार तूट. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर महिन्याला १३,३०० ची भर, म्हणजे शेवटी १,८०० रुपये वर. साणंदला १७,२०० जास्त, त्यातून १८ आणि ५ गेले, ५,८०० ची तूट. व्हेरिएबलचे ८,३०० धरले की अडीच हजार वर. दोन्हीकडे पहिल्या वर्षी तुम्ही आजच्या जागीच उभे आहात, तेही कंपनीने व्हेरिएबल पूर्ण दिलं तर. आणि यात घर हलवण्याचा एकदाच होणारा खर्च अजून आलेला नाही.

तो खर्चही बघा. ट्रक, शाळेचा प्रवेश, पडदे-पंखे-गीझर हे आहेच. बेंगळुरूत घरमालक डिपॉझिट दांडगं मागतात. पूर्वी सर्रास १० महिन्यांचं घ्यायचे, आता पाच-सहा महिन्यांवर आलंय, तरी ३० हजारांच्या घराला दीड-पावणेदोन लाख अडकले. सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायचा तिथे रिवाजच आहे. करार करतानाच त्यावर बोला. तुमची एमएच-१५ची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो: नाशिक आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, मग तिथला कर भरायचा आणि इथल्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, आणि जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होत जातो. गुजरातमध्ये साधारण ६ टक्के. माझं सांगणं, बेंगळुरूला जायचं ठरलंच तर गाडी निफाडला वडिलांकडे ठेवा किंवा इथेच विका. परताव्याच्या कागदांमागे फिरण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्याची ती गाडी नसते.

आता मुलीचं, म्हणजे ज्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो.

राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या त्या ८५ टक्क्यांत बसायला अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय मुलाने दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून केलेली असावी लागते. केंद्र-राज्य सरकारी नोकरांच्या बदलीसाठी अपवाद आहेत, खासगी नोकरीसाठी नाहीत. म्हणजे तुमची मुलगी नववीला बेंगळुरूला गेली, तिथून दहावी झाली, की महाराष्ट्राचं दार बंद. मग कर्नाटकाच्या कोट्यात बसेल म्हणावं, तर तिथे पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागतात. नववी ते बारावी होतात चार. म्हणजे इथली नाही, तिथलीही नाही. गुजरातमध्येही दहावी-बारावी तिथली आणि वर अधिवास मागतात, आणि तो अधिवास तीन-चार वर्षांत हाती येण्यासारखा नाही. तेलंगणात सलग चार वर्षांवर, नववीपासून बारावीपर्यंत, स्थानिक धरतात, पण हैदराबादची ऑफर तुमच्याकडे नाही.

माझ्याकडचे सातपूरचे एक गृहस्थ मुलाची नववी संपल्यावर बेंगळुरूला गेले. पगार चांगला होता, मुलगाही हुशार, नीटला गुण बरे पडले. प्रवेशाच्या वेळी नाशकात आले ते सरळ माझ्या टेबलाशी. हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये स्वतःचं अधिवास प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं, मुलाचा जन्मदाखला नाशिक महापालिकेचा, सातबारासुद्धा घेऊन आलेले. 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, मुलाचा जन्म इथला, मग हा रकाना का अडवतो?' रकाना होता दहावी कुठल्या राज्यातून उत्तीर्ण, त्याचा. अभिमत विद्यापीठाच्या फीचा तक्ता बघून त्यांनी फाइल मिटली. मुलगा फिजिओथेरपीला गेला. चांगलं चाललंय त्याचं, पण डॉक्टरकीचा विचार तिथेच थांबला.

अभियांत्रिकीचं इतकं कडक नाही. आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्र अधिवासावर बाहेरून बारावी केलेल्या मुलांनाही राज्याच्या यादीत जागा मिळते. म्हणून काहीही ठरवलंत तरी जाण्याआधी तुम्ही, मिसेस आणि मुलगी, तिघांचं वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र सेतूतून किंवा आपले सरकारवरून काढून ठेवा. १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे आज सहज मिळतील, दहा वर्षांनी बेंगळुरूहून गोळा करताना दमछाक होईल. जातीच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर तेही लक्षात घ्या. राज्याच्या आरक्षणाचा लाभ दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच ते स्पष्ट केलं आहे. प्रवेशाचे नियम वर्षागणिक थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा राज्याच्या सीईटी कक्षाची (प्रवेशप्रक्रिया तोच राबवतो) चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडचं प्रमाण मानू नका.

आणि मुलीचा डॉक्टरकीचा हट्ट आठवीतला आहे, दहावीपर्यंत टिकेलच असं नाही. ते मलाही कळतं. पण तिने मन बदललं तर बदलू द्या. तिचं दार तुमच्या बदलीने बंद होऊ नये.

नोकरीबद्दल. तुम्ही दोन ऑफरची तुलना करताय. मी दुसऱ्या नोकरीची तुलना करतो, म्हणजे ही नोकरी दोन वर्षांत गेली किंवा पटली नाही, तर घर न बदलता दुसरी कुठे मिळेल? नाशकात अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी हे सगळं पाथर्डी फाट्यापासून कंपनीच्या बसच्या टप्प्यात आहे. वाहन आणि विद्युत उपकरणं या दोन धंद्यांत क्वालिटीच्या माणसाला इथे मागणी असते, फक्त वरच्या पदांना मर्यादा आहे. मॅनेजरच्या पुढे जागा थोड्या, ही नाशिकची जुनी अडचण, आणि बहुधा त्यामुळेच तुम्ही बाहेर बघताय. ते कारण मला पटतं. पगारासाठी जाऊ नका, पण वरच्या कामासाठी जात असाल तर जरूर विचार करा.

बेंगळुरूत नोकऱ्या भरपूर, पण शहर अस्ताव्यस्त. बोम्मसंद्रा दक्षिणेला, पीण्या उत्तर-पश्चिमेला, टोयोटा बिडदीला, व्होल्वो होसकोट्याला. नोकरी बदलली की बहुतेक घरही बदलावं लागतं, आणि पुन्हा डिपॉझिटचा तमाशा. बोम्मसंद्र्याला एक फायदा आहे, पलीकडे हद्द ओलांडली की तमिळनाडूतलं होसूर, तिथे टीव्हीएस आणि अशोक लेलँड आहेत. काही जण भाडं कमी म्हणून राहायलाच होसूरला जातात. साणंदला टाटाचे दोन कारखाने, फोर्डचा त्यांनी विकत घेतला तो धरून, पुढे हंसलपूरला मारुती. पट्टा वाढता आहे, पण तुमच्या अनुभवाचा माणूस त्यात सहज फिरेल की एकाच गिऱ्हाइकाच्या उत्पादनावर अवलंबून राहील, ते ऑफर देणारी कंपनी कोणाला माल पुरवते त्यावर ठरेल. मुलाखतीत विचारा. क्वालिटीच्या माणसाने हा प्रश्न विचारला तर कोणाला वावगं वाटत नाही.

तुम्ही दोनच पर्याय मांडलेत. मला आणखी दोन दिसतात.

एक, एकट्याने जाणं. मुलीची बारावी होईपर्यंत बिऱ्हाड इथेच, मिसेसचे १८ हजार चालू, फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. बेंगळुरूला खोली, जेवण आणि महिन्या-दीड महिन्याची एक फेरी मिळून २६ हजार धरले तर महिना साडेतीन हजारांची तूट, व्हेरिएबल धरून जवळपास १० हजार वर. साणंदला कंपनीची कँटीन आणि बस असेल तर १९ हजारांत भागेल, तिथून नाशिक रात्रभराच्या बसचं अंतर, व्हेरिएबल धरून साडेसहा हजार वर. पैशाच्या हिशेबाने सगळं घर हलवण्यापेक्षा हे दोन्हीकडे बरं. पण मुलगी दहावी-बारावीत आणि बाप शनिवारी फोनवर, हे कोणत्या वहीत मांडायचं ते मी सांगू शकत नाही. निफाडला आई-वडिलांच्या तब्येती कशा आहेत, द्राक्षाच्या हंगामात तुमची किती गरज लागते, हेही तुमचं तुम्हालाच माहीत.

दुसरा पर्याय पुण्याजवळचं चाकण. तुमच्या यादीत तो नाही याचं मला नवल वाटलं. क्वालिटीच्या माणसाला चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात जेवढी दारं आहेत तेवढी साणंदला नाहीत. राज्य तेच राहतं. गाडीचा नंबर, बोर्ड, दहावी-बारावीचा रकाना, आरोग्य योजना, जातीचा दाखला, कशालाच हात लावावा लागत नाही. दर शनिवारी पुणे-नाशिक रस्त्याने घरी. त्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही, तुम्ही गेलाच असाल. चाकणला साडेतेरा लाख मिळाले तर तुमच्या परिस्थितीत ते मला बेंगळुरूच्या १६ लाखांपेक्षा जड वाटतात. बेंगळुरूला सगळ्यांनी जायचं आणि महिन्याला नक्की २० हजार जास्त उरायला हवेत, व्हेरिएबल न धरता, असं म्हणाल तर माझ्या हिशेबाने सीटीसी २१-२२ लाखांच्या घरात हवी.

राजीनाम्याआधी एक रक्कम विसरू नका. तुमच्या १४ वर्षांची ग्रॅच्युइटी, मूळ पगार ३५ हजार धरला तर २ लाख ८२ हजारांच्या आसपास, करमुक्त. महागाई भत्ता वेगळा असेल तर तोही त्यात धरला जातो. ती सोडताना मिळेलच. पण नव्या ठिकाणी घड्याळ पुन्हा शून्यापासून. कायमस्वरूपी नोकरीत पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत काही नाही, आणि तरी दर वर्षी ३१ हजार सीटीसीत मोजलेले असतात. पाच वर्षांच्या आत निघालात तर ते कधी तुमचे नव्हतेच. पीएफ मात्र काढू नका, तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) ठेवून वर्ग करून घ्या.

तुम्ही लिहिलंय की दोन्हीकडे मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. एवढ्या मोठ्या निर्णयाला दोन आठवडे मागणं काही गैर नाही, बहुतेक कंपन्या देतात. त्या काळात एचआरला मेलवर विचारा: गेल्या तीन वर्षांत या पदाला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, बिऱ्हाड हलवण्याचा खर्च किती देणार आणि तो किती महिन्यांत सोडल्यास परत मागणार, सुरुवातीचे काही आठवडे राहण्याची सोय कोण करणार. तोंडी सांगितलं तर 'तेवढं मेलवर टाका' म्हणा. व्हेरिएबलचं उत्तर गोलमोल आलं तर ती रक्कम हिशेबातून काढून टाका, म्हणजे साणंद महिना ५,८०० ने आणि बेंगळुरू, कर कमी होईल तो धरूनही, सुमारे साडेसात हजारांनी तुटीत. दोन्ही ऑफर पत्रांतलं पगाराचं पान, कंपनीचं नाव झाकून, पाठवलंत तर माझे अंदाजाचे आकडे काढून खरे घालून देईन. आणि अधिवासाचा अर्ज या आठवड्यातच टाका. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतूत पाय ठेवायला जागा नसते.